एकाहत्तर टक्के

सांगली,
३ फेब्रुवारी २०२५

मावशी,

नमस्कार नंतर करते, आधी तू खाली बस. बसलीस? मी पकडले गेलेय.

आज दुपारी क्रांती मॅडमनी मला मराठी विभागात बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "सृष्टी, एकाहत्तर टक्के चोरी आहे." मी पटकन म्हणाले, "मॅडम, एवढी नसेल हो." मावशी, असं कुणी बोलतं का? गप्प उभी राहिले असते तरी चाललं असतं! मग त्यांनी पुरावाच पुढं ठेवला. सगळं लालभडक. चोरीचं जेवढं होतं तेवढं लाल झालेलं, आणि माझं स्वतःचं म्हणून जे उरलं होतं ते एका मुठीत मावेल एवढंसं.

आता शून्य मिळणार. म्हणजे बी.ए.चं शेवटचं वर्ष गेलं, म्हणजे बी.एड.चा प्रवेशही गेला. आई-बाबा तिकडं झाशीजवळ बाबांच्या पलटणीत, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? तुला फोन केला असता, पण रेंजसाठी तू वर पाण्याच्या टाकीपाशी जाणार आणि तिथं अर्धी वाडी कान देऊन बसलेली असते. म्हणून पत्र.

मॅडम परवा शेवटचं काय ते सांगणार आहेत. तोवर अन्न जाणार नाही. तरी आज दोन प्लेट मिसळ खाल्ली.

तुझी,
सृष्टी


कारवटवाडी, ता. पाटण
८ फेब्रुवारी

सृष्टे,

पोस्टमननं तुझं पत्र दिलं तवा तव्यावर भाकरी होती. ती करपली. दुसरी टाकली, ती बी करपली. शेवटी चूल इझवली आणि काकांना पत्र वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, तरी मेली तू काय उचललंस ते कुठं गावंना!

आणि एकाहत्तर टक्के म्हंजे काय गं? काका म्हणतात, कपाटात शंभर जिनसा असतील त्यातल्या एकाहत्तर. मग एवढं ठेवलंस कुठं? तुझ्या खोलीत तुमी दोघी मैतरणी आडव्या झाला की दार उघडत न्हाई. आणि त्यो लाल रंग कसला? लाचवाल्यांच्या हाताला पोलीस लावत्यात तसला व्हय? साबणानं गेला का?

मी तुला काय कमी केलं? मागच्या दिवाळीला लाडू दोन डबे दिले हुते. कमी पडले असतील तर सांगायचं. चोरी कशापायी?

पर आता घाबरू नगं. काका सकाळच्या गाडीनं निघालेत. अंगात लगनातलं जाकीट हाय आणि संगं इंद्रायणीचं अर्धं पोतं. कालिजच्या सायबांपुढं हात जोडतील, तुझं गठुडं जाग्यावर ठेवतील आणि येतील तुला सोडवून. हे पत्र पोचायच्या आत ते पोचत्याल.

खरं सांग, कुनाच्या तरी नादानं केलंस न्हवं?

अंजामावशी


सांगली,
१२ फेब्रुवारी

अगं मावशी!

काका पोचले. बाई गं, कसे पोचले म्हणून सांगू!

आमच्या वर्गातल्या दहा जणी विभागात बसलेल्या. तेवढ्यात दारात जाकीट, खांद्यावर पोतं, कपाळावर घाम. "क्रांतीबाई कोन? लेकराकडनं चूक झाली. काय उचललंय ते सांगा, मी जाग्यावर ठेवतो."

मॅडम म्हणाल्या, "काका, ते असं परत ठेवता येत नाही."

काकांचा चेहरा पांढरा पडला. "खाल्लं काय हिनं?"

तिथून पुढं पाच मिनिटं कुणालाच बोलता आलं नाही. मॅडम टेबलाला धरून हसत होत्या. शेवटी त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की सृष्टीनं वस्तू नाही, वाक्यं चोरलीत. काका असे खूश झाले! "आवं, वाक्यं व्हय! मग नेली तर नेली की. तोंडातनं निघाल्याली वाफ ती, तिला काय मालक असतोय?"

मला वाटलं, सुटले. पण मॅडम क्रांती मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, "काका, एकानं नांगरलं, लावणी केली, भात कापून खळ्यावर आणलं. दुसऱ्यानं ते आपल्या पोत्यात भरलं, वर आपलं नाव घातलं आणि बाजारात सांगितलं, हे मी पिकवलं. मग?"

काकांचं हसू जागच्या जागी विरलं. "नाव बी आपलं घातलं?"

"हो."

"मूळ मालकाचं कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही."

"मग ही तर खरीच चोरी की!" आणि मावशी, जे काका मला सोडवायला आले होते, ते दहा मुलींसमोर पाव तास मला बोलले. मॅडमनाच मध्ये पडून मला सोडवावं लागलं. तांदूळ त्यांनी घेतला नाही, तो आमच्या मेसला गेला. भात फार मऊ झाला होता, त्याबद्दल मात्र सगळ्या पोरी तुझं नाव काढतायत.

आता खरं सांगते. आम्हाला प्रकल्प होता, 'माझ्या गावातून नाहीसा होत चाललेला व्यवसाय'. मी इरल्यांचा विषय घेतला. पावसात लावणी करताना बायका डोक्यावर-पाठीवर घ्यायच्या ते इरलं. मला वाटलं, आपल्याच वाडीतलं आहे, केव्हाही लिहिता येईल. त्या 'केव्हाही'त दोन महिने गेले. शेवटच्या दोन दिवसांत इंटरनेटवर एक लेख सापडला, तो सगळाच्या सगळा उतरवला. माझी खोलीतली मैत्रीण प्रियदर्शनी म्हणाली, "शब्द बदल, कुणाला कळत नाही." म्हणून पावसाचं पर्जन्य केलं, बायकांच्या स्त्रिया केल्या. आणि कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं जिथं 'पान' असेल तिथं 'पर्ण' कर. त्यानं केलं. अगदी इमानदारीनं केलं. लेखात 'जपान' होतं, त्याचं 'जपर्ण' झालं. सोपानराव नावाचे एक गृहस्थ होते, ते सोपर्णराव झाले. मॅडमनी मला शांतपणे विचारलं, "हा जपर्ण देश कुठं आला गं?" आणि तो लाल रंग हाताला नव्हता गं, कागदावर होता; दुसरीकडून उचललेली वाक्यं कॉम्प्युटर लाल करून दाखवतो आणि किती टक्के तेही सांगतो.

मॅडम म्हणाल्या, नुसते शब्द फिरवले तरी चोरी चोरीच राहते, कारण विचार आणि मांडणी दुसऱ्याचीच असते. दुसऱ्याचं वाक्य हवंच असेल तर अवतरणात घालायचं आणि त्याचं नाव लिहायचं. कल्पना घेतली तरी नाव लिहायचं. आणि आपल्या शब्दांत लिहायचं असेल तर वाचायचं, मिटून ठेवायचं, कुणाला तरी तोंडी सांगायचं आणि मग लिहायचं. मी कालपासून प्रियदर्शनीला तोंडी सांगतेय. ती कानात बोळे घालून बसते.

त्यांनी मला २८ फेब्रुवारीपर्यंत पुन्हा लिहायची संधी दिलीय. १० मार्चला तोंडी परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार. या वेळी मी खऱ्या माणसांना विचारून लिहिणार. पहिलं खरं माणूस तू. इरल्याबद्दल तुला जे जे माहीत आहे ते लगेच लिहून पाठव. तुझं नाव घालून वापरीन!

सृष्टी


कारवटवाडी,
१७ फेब्रुवारी

सृष्टे,

काका घरी आले ते दोन दिवस कुनाशी बोलले न्हाईत. आता बोलतात, पर सारखं इचारतात, "हे वाक्य तुझं हाय का?" काल मी म्हटलं, भाजीला मीठ कमी हाय. तर म्हणतात, "हे तुझ्या आईचं वाक्य." बोलायची चोरी झालीया घरात.

तू इरल्याचं इचारलंस. बरं वाटलं गं. आता लिवते, नीट वाच.

सह्याद्रीच्या रम्य कुशीत, जेथे मेघमाला शैलशिखरांशी हितगुज करतात, तेथे कष्टकरी भगिनींच्या शिरावर विराजमान होणारे पर्णाच्छादित इरले म्हणजे निसर्गाने मानवास बहाल केलेले छत्रच होय. वेळूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या विणून त्यांमध्ये पळसाची पाने दाटीने पसरली जातात. कुशल हातांनी सिद्ध केलेले एक इरले १२ वर्षे टिकते. परंतु हाय! प्लास्टिकच्या आगमनाने या ग्रामीण कलेस उतरती कळा लागली असून भावी पिढीने तिचे जतन करणे हे आपणा सर्वांचे आद्य कर्तव्य ठरते.

आजून दोन पानं मागं लिवलीत. मधी म्हैस सुटली म्हनून एक ओळ वाकडी झालीया, ती सरळ करून घे.

एवढं बास हुतंय का? नसंल तर आजून हाय.

अंजामावशी


सांगली,
२० फेब्रुवारी

मावशी, मावशी, मावशी!

तू आजवर कुठं लपली होतीस? 'मेघमाला शैलशिखरांशी हितगुज करतात'! मी तुझ्याकडं उन्हाळ्याच्या इतक्या सुट्ट्या काढल्या, पण 'विराजमान' हा शब्द तुझ्या तोंडून एकदाही ऐकला नाही. काका जेवायला बसतात तेव्हा मनातल्या मनात म्हणत असशील.

मी तुझा तो सगळा भाग अवतरणात घातलाय आणि खाली लिहिलंय, 'श्रीमती अंजना, कारवटवाडी, यांचे पत्र, १७ फेब्रुवारी २०२५'. बघ, अगदी नियमाप्रमाणं! मॅडमनी वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मग विचारलं, "मावशी किती शिकल्यात?" मी छाती पुढं काढून सांगितलं, "नववी!" त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. भारावल्या असणार.

नंतर म्हणाल्या, "१० मार्चला मावशींना घेऊन ये. विद्यार्थ्यांशी बोलू देत." ऐकलंस का? तू माझ्या कॉलेजात बोलणार! मी तर सगळ्यांना सांगूनही टाकलं. प्रियदर्शनीनं तुझ्यासाठी हार ठरवलाय.

एकच शंका. इरलं खरंच बारा वर्षं टिकतं? मॅडमना ते फार वाटलं. पण मी ज्याची नक्कल केली त्या लेखातसुद्धा बाराच वर्षं होतं, म्हणजे खरं असणार.

तुझी (आणि तुझ्यामुळं ताठ मानेची),
सृष्टी


कारवटवाडी,
२४ फेब्रुवारी

सृष्टे,

हे पत्र पाटण-सांगली गाडीच्या कंडक्टरच्या हातात देतेय, म्हंजे उद्याच पोचंल. टाकीपाशी जाऊन चार डाव फोन लावला, तुझा बंद. आता सरळ सांगते. ते पान फाड. माझं नाव खोड. हार परत कर.

त्यातलं एक अक्षर माझं न्हाई.

आपल्या शाळेला पंचवीस वर्षं झाली तवा, म्हंजे १९८९ साली, एक स्मरणिका काढली हुती. ती आमच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली असती. त्यात आमच्या केरू गुरुजींनी इरल्यावर लेख लिवलाय. मी त्यो जसाच्या तसा उतरवला. म्हैस सुटली तेवढं माझं.

असं का केलं, तर ऐक. मी आधी माझं लिवायला बसले हुते. दुपारभर बसले. तीन ओळी झाल्या. 'इरलं कळकाचं असतं. आत पानं घालतात. डोक्यावर घेतात.' वाचून माझीच मला लाज वाटली. कालिजात हे कोन वाचणार? माझी भाची एवढी शिकली, तिच्या वहीत माझं असलं गावठी बोलणं कशाला? म्हनून ट्रंक उघडली. तुला चोरीवरनं बोलले आणि आठ दिवसांत मीच तेच केलं. आता इचार, किती टक्के? काका म्हणतात, नव्व्याण्णव. काल दुपारपासनं हसतायत. जेवताना ठसका लागला तरी हसतायत.

तुझ्या मॅडम भारावल्या न्हवत्या गं. त्यांना पहिल्या ओळीतच वास आला असणार.

बारा वर्षांचं मला ठाव न्हाई. आमच्या घरात कुठलं बी इरलं दोन पावसाळ्यांच्या म्होरं गेलं न्हाई. तरी मी बारा लिवलं, कारण छापल्यालं हुतं. गुरुजी आता औंधला लेकाकडं असतात. त्यांना तोंड दाखवायची माझी हिंमत न्हाई.

माझ्यामुळं तुझं वरीस गेलं तर मी काय करू?

अंजना


सांगली,
३ मार्च

माझी लाडकी चोरटी मावशी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की प्रियदर्शनीला वाटलं रडतेय. तिनं पाणी आणलं. मग तिनं वाचलं आणि ते पाणी तिनंच पिऊन टाकलं.

हसून झाल्यावर मात्र आठवलं, की आता मॅडमना सांगायचं होतं. न सांगता तुझं नाव ठेवून चालवून घेतलं असतं, असा विचार आला, खोटं कशाला बोलू. कॉम्प्युटरलाही कळलं नसतं, तुझी ट्रंक त्यानं कुठं बघितलीय? पण मला कळलं होतं ना. मी पत्र घेऊन गेले आणि मॅडमच्या हातात दिलं.

त्यांनी वाचलं. तुझ्या त्या तीन ओळींपाशी थांबल्या. म्हणाल्या, "सृष्टी, या तीन ओळी मला त्या दोन पानांपेक्षा आवडल्या." मग म्हणाल्या, "तू स्वतःहून आलीस म्हणून ८ मार्चपर्यंत मुदत. आधी मूळ माणसाला गाठ."

म्हणून काल रविवारी मी औंधला गेले. गुरुजी एक्याऐंशीचे आहेत. यमाईच्या डोंगराकडं तोंड करून अंगणात खुर्चीत बसले होते. मी भीत भीत सांगितलं, "गुरुजी, तुमचा एक लेख आमच्या घरात चोरीला गेलाय." आणि वाचायला सुरुवात केली, "जेथे मेघमाला..." तर पुढचं त्यांनीच म्हटलं! डोळे मिटून, अख्खा परिच्छेद, हातवारे करून. शेवटच्या 'हाय'ला तर खुर्चीतून उठले.

"छत्तीस वर्षं झाली पोरी. तो लेख वाचला असं सांगणारी तू पहिली!" रागावले का विचारतेस? सुनेला हाक मारून शिरा करायला लावला.

मी बारा वर्षांचं विचारलं, तर कपाळावर हात मारला. "मी लिहिलं होतं, एक-दोन वर्षं. आकड्यात, मध्ये आडवी रेघ. छापणाऱ्यानं ती रेघ खाल्ली आणि एक-दोनाचे बारा झाले! आजवर कुणी विचारलंच न्हाई." मावशी, कळलं का? त्या वेबसाइटवाल्यानं गुरुजींचा लेख शब्द बदलून, भर घालून ढापला, त्याचा मी ढापला, गुरुजींचा तू ढापलास, आणि ती पडलेली रेघ बिचारी आपल्या सगळ्यांकडून पाहुणचार घेत हिंडतेय. सगळ्यांनी विचारल्याशिवाय उतरवलं, म्हणून सगळ्यांची चूकही एकच.

शिरा खाताना गुरुजींनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "माझंही एक लिहून घे. इरलं मी कधी विणलं न्हाई. ते कसं विणतात, पानं कशी लावतात, ते सगळं तुमच्या वाडीतल्या धोंडुबाईनं मला समोर बसवून दाखवलं. तिच्या दारात चार दिवस बसलो होतो. लेखात तिचं नाव घातलं न्हाई. तवा वाटलं, अडाणी बाई, तिचं काय नाव घालायचं. आता ती न्हाई. तू घाल." मी त्यांच्यासमोरच लिहिलं, 'विणण्याची माहिती: धोंडुबाई, कारवटवाडी. सांगणार: केरू गुरुजी.' त्यांनी कागद हातात घेऊन ते नाव दोनदा वाचलं.

आता गुरुजींचं गुरुजींच्या नावावर आहे, धोंडुबाईचं धोंडुबाईच्या. फक्त तुझी जागा रिकामी आहे. ती मी कुणाच्याही मेघमालांनी भरणार नाही. तुझ्या तीन ओळींच्या पुढं चौथी लिही. ट्रंकेला कुलूप लाव, किल्ली काकांकडं दे आणि जसं माझ्याशी बोलतेस तसंच लिही.

सृष्टी


कारवटवाडी,
६ मार्च

सृष्टे,

किल्ली काकांच्या जाकिटात हाय. हे बी कंडक्टरच्या हातातच देतेय, म्हंजे येळेत पोचंल. आता हे सगळं माझं. चुकलं तर चुकलं.

इरलं कळकाचं असतं. आत पानं घालतात. डोक्यावर घेतात. आणि आत अंधार असतो. पाऊस वरनं वाजतो तवा आतल्या मानसाला भायेरचं काय बी ऐकू येत न्हाई. ओल्या पानांचा वास येतो, आणि कोनी घालून गेलं असंल तर तिच्या डोक्याच्या तेलाचा बी येतो. आमच्या आईचं इरलं मी डोळं झाकून वळखायची.

मी दहा वर्षांची हुते, तुझी आई विजू सात. आईनं नवं इरलं करून घेतलं हुतं. ती खाली रानात लावणीसाठी भाताचा तरवा उपटत हुती, आणि आमाला सांगितलं, इरलं घिऊन या. एक इरलं आणि आमी दोघी. विजू म्हणाली मी घेणार, मी म्हटलं मी. शेवटी दोघी एकाच इरल्यात शिरलो. चार पाय, एक पाठ. मला वड्याकडनं जायचं हुतं, विजूला आंब्याकडनं. आतनं ऐकू येईना, दिसंना, नुसतं ढकलाढकली. विजूनं वढलं, मी वढलं, आणि दोघी चिखलात तोंडावर आपटलो. इरलं सुटलं, उलटं झालं, गडगडत वड्यात गेलं आणि होडीवानी चाललं. आत एक बेडूक बसला हुता. त्यो उतरायला तयार न्हवता. आई हातात तरव्याची जुडी घिऊन कडंकडंनं पळत हुती, आणि त्यो बेडूक तिच्याकडं बघत म्होरं चालला हुता.

इरलं खालच्या मोरीला अडकलं. आमी आईला सांगितलं, माकडानं वढून न्हेलं. आई म्हणाली, "आणि तुमच्या फ्राकाला चिखल बी माकडानंच लावला व्हय?" त्या दिवशी दोघींना मार बसला. पर मारताना आईला हसू आवरत न्हवतं, म्हनून नेम चुकत हुता.

दुसऱ्या वर्षी आईला आमच्या चुलत्यानं पलास्टिकचा कागद आणला. हलका हुता. त्यात दोघी मावत न्हवतो.

एवढंच. १० तारखेला मी येत न्हाई, म्हैस व्यायला झालीया. वाचून झालं की कळव, लय वंगाळ झालंय का?

तुझी अंजामावशी


सांगली,
११ मार्च

मावशी,

पास! पास! पास!

या वेळी लाल रंग नऊ टक्के, आणि तो सगळा अवतरणातला, गुरुजींच्या नावासकट. पण ते राहू दे, तुझं ऐक. बाहेरचे परीक्षक फार गंभीर गृहस्थ होते. सकाळपासून एकदाही हसले नव्हते. माझा प्रकल्प चाळता चाळता तुझ्या पत्रापाशी आले आणि वाचायला लागले. बेडूक आला तसे त्यांचे खांदे हलायला लागले. मग म्हणाले, "मॅडम, हे मोठ्यानं वाचू का?" आणि उभं राहून वाचलं, तुझं तुझ्याच बोलीत, एक शब्द न बदलता. 'नेम चुकत हुता' ला अख्खा विभाग खदखदला. आणि शेवटच्या ओळीला कुणीच हसलं नाही. त्यांनी कागद मिटला आणि मला विचारलं, "या बाई आणखी काही लिहितात का?" मी म्हटलं, "लिहितील."

बी.एड.चा अर्ज भरतेय. प्रियदर्शनीनं तो हार शेवटी मॅडमच्या खुर्चीला घातला.

आता एक भानगड झालीय. काल आईला फोनवर तुझं पत्र वाचून दाखवलं. आधी हसली, मग चिडली. म्हणते, "आधी मी कशाला वढू? अंजीनंच वढलं. आणि बेडूक कुठला, खेकडा होता!" मी मॅडमना विचारलं, आता काय करायचं. त्या म्हणाल्या, दोघींचं दोघींच्या नावावर लिही. आईला तेवढ्यानं समाधान नाही. तिनं बाबांकडून कागद मागून घेतलाय आणि ती तुला स्वतः लिहितेय. शाळा सोडल्यापासून तिनं पेन धरलं नव्हतं. बाबा म्हणतात, चौथं पान चालू आहे आणि अजून त्या दोघी इरल्यात शिरल्याही नाहीत.

तुझी,
सृष्टी